फ्लेक्सवरचा फोटो

आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी दुपारी मी शिरूरच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, रणपिसे का?"

"हो, करुणा रणपिसे."

"मी कारेगावातून बोलतोय. कंपनीत आहे इथं. शूटिंग झालं का चालू आहे अजून?"

मला वाटलं नंबर चुकला. तसं मी म्हटलंही.

"नाय नाय, तुमचाच नंबर आहे ना फ्लेक्सवर. 'आई बसलीय'चा दुसरा भाग येतोय ना? आमची सगळी रूम वाट बघतीय." मागून कुणीतरी ओरडलं, "अरे पूछ ना, आंटी इस बार भी उठेगी क्या?" आणि सगळे हसले.

मी फोन बंद केला. बोटं तांदळात तशीच राहिली. माझा धाकटा भाऊ महेंद्र पलंगावर बसून उद्याच्या जीपवाल्याशी बोलत होता. तो रांजणगावच्या एका कंपनीत आहे. फ्लेक्सचं काम त्यानंच अंगावर घेतलं होतं. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले.

"फ्लेक्सवर आईचा कुठला फोटो टाकलास?"

"चांगलाच आहे. नवनाथला म्हटलं, आईचा एखादा हसरा फोटो बघून टाक. त्याच्याकडं होता कॉम्प्युटरला."

"कुठला, महेंद्र?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा पडला.

"निळ्या साडीतला," तो म्हणाला. "पिक्चरमधला."

दौंड आणि शिरूर तालुक्यात हा पिक्चर बहुतेकांना माहीत आहे. बाहेरच्या माणसाला तो सांगावा लागतो.

आबा, म्हणजे आमचे वडील बन्सी रणपिसे, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आमचं सगळं लहानपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून बसून आबांना लिहायची सवय लागली. आंबेडकर जयंतीला ते जलसा लिहायचे, त्यात कॉलनीतल्याच माणसांची टोपी उडवायचे, आणि ज्यांची टोपी उडाली ते सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. सत्त्याण्णव साली त्यांनी पिक्चर काढायचं ठरवलं. नवनाथ तेव्हा लग्नांची शूटिंग करायचा. तो शिरूरहून व्हिडिओ कॅमेरा आणि दोन दिवे घेऊन आला. नट आम्हीच आणि शेजारपाजार. सेट म्हणजे आमचं क्वार्टर, त्यातल्या शोकेससकट.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या आई मरते. घरात कुणाच्या लक्षात येत नाही. नवरा चहा मागतो, मुलगा डबा मागतो, मुलगी इस्त्री केलेली ओढणी मागते. आई बोलत नाही, म्हणजे रुसली असणार. नवरा नवी साडी आणून तिच्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "राणीसाहेब, रुसवा सोडा." शेजारची अनसाबाई वाटीभर साखर मागायला येते, उत्तराची वाट न बघता स्वतःच घेते, घरची सगळी गाऱ्हाणी सांगते आणि जाताना म्हणते, "तुझ्याशी बोललं की कसं मोकळं वाटतं." मुलीला बघायला पाहुणे येतात. त्यांतले मल्हारीकाका आईला हात जोडतात. "विहीणबाई शांत हायेत. आपल्याला असंच घर पायजे व्हतं." असे तीन-चार दिवस जातात. शेवटी गॅस संपतो, भरलेला सिलिंडर कुठं ठेवलाय ते कुणालाच माहीत नसतं, तेव्हा कुठं नवऱ्याला कळतं. तो बाहेर येऊन भेटेल त्याला सांगत सुटतो, "आमची जाई वारली." आणि जो तो म्हणतो, "असं का? बरं, पाणी आलं का?"

मग भिंतीवर आईचा निळ्या साडीतला फोटो लागतो. त्याला हार चढतो. सगळे जेवून उठतात, खरकटी भांडी तशीच पडून राहतात. आई खुर्चीतून उठते, आपल्याच फोटोची काच पदरानं पुसते आणि भांडी घासायला बसते. इथं पिक्चर संपतो.

तो पहिल्यांदा दौंडच्या केबलवर लागला. मग कॅसेट शिरूरच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांत गेली, पुढं सीडी निघाल्या आणि कारेगाव, सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांमधून फिरत राहिल्या. मराठी न कळणारी बिहारची मुलंसुद्धा "पानी आलं का" म्हणायला शिकली. मी सणसवाडीला शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी काही दुःखाचं सांगायला लागलं की एखादा तरी हे वाक्य टाकायचाच. मी पुढं पुष्कळ वाचलं, मोठ्या मोठ्या लोकांचं वाचलं. घराबद्दल इतकं निर्दय आणि तरी इतकं हसवणारं फारसं सापडलं नाही. आई म्हणायची, तिला त्यातलं एवढंच आठवतं की कंबर धरली होती.

मढं होण्यात आई तरबेज होती. पापणी न हलवता, श्वास दिसू न देता ती बसायची. फक्त साडीच्या शॉटला घोटाळा व्हायचा. मांडीवर ठेवलेली नवी साडी घसरायला लागली की मेलेली आई झटकन हात घालून ती धरायची. पुन्हा शॉट लावला की पुन्हा तेच.

"जाई, तू मेलीयंस!" आबा ओरडायचे.

"मेले म्हणून काय नवी साडी भुईला लागू देऊ?"

सगळं युनिट पोट धरून हसायचं. अनसामावशींना तर भिंतीचा आधार घ्यावा लागला होता. शेवटी नवनाथनं ती साडी आईच्या निऱ्यांना सेफ्टी पिननं टाचली. सीडीत नीट बघितलं तर पिन चमकते.

पिक्चर लागायच्या आधी आबांनी आणखी एक आगाऊपणा केला होता. त्यांनी केबलवर पाटी फिरवली. आईचा तोच फोटो, वर 'दुःखद निधन', खाली पिक्चरचा दिवस आणि वेळ. लोक फुलं घेऊन क्वार्टरवर आले. अनसामावशी धाय मोकलून रडत पायऱ्या चढल्या, आणि दार उघडलं आईनं, हातात उलथनं घेऊन. कॉलनी त्यावरून मावशींना कितीतरी वर्षं चिडवत होती. त्या हसण्यावारी न्यायच्या. पण आबांशी त्या नंतर बराच काळ बोलल्या नव्हत्या, हे मला आठवतं.

आता तोच फोटो आणि तेच शब्द शिरूरपासून दौंड स्टेशनपर्यंत चौकाचौकांत लागले होते. खाली संपर्काला माझा नंबर होता.

मी अनसामावशींना फोन लावला.

"करू! अगं किती दिसांनी. काय म्हणतीस?"

"मावशी, आबांनी तुम्हाला फोन केला होता ना?"

"केला की. जाई वारली म्हणला. म्या म्हणलं, असं का, बरं, पाणी आलं का? तर ठिवलाच फोन. आन् दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स! ह्या वयात बी याचा चावटपणा जाईना."

"मावशी, ऐका. आई खरंच गेली."

मग त्या हसल्या. पण हसण्यात राग होता.

"आता तू बी लागलीस व्हय गं? मागल्या टायमाला तूच फोनवर रडत व्हतीस, मावशी, आई खरंच गेली. पिक्चरमधी हाय ते, माझ्याकडं सीडी हाय. एकदा रडले मी, करू. साऱ्या कॉलनीनं माझं हसं केलं. आता न्हाई रडायची. उद्या येती, चांगली साडी नेसून येती, आन् जाईचा कान धरती. सांग तिला."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. ते वाक्यसुद्धा आबांनीच मला लिहून दिलं होतं. मी दुसरं वाक्य शोधत राहिले आणि मला सापडेना.

विहार कमिटीचं काम मल्हारीकाका बघायचे. त्यांना लावला. ते माझ्या बोलण्याची वाटच बघत असल्यासारखे होते.

"करुणा, तू शाळंत शिकवतीस ना? मग बापाला शिकव जरा. क्वार्टरात नाचा, चौकात नाचा, आम्ही हसलो. पर विहारात शूटिंग? तिथं भगवान बुद्धाची मूर्ती हाय, बाबासाहेबांचा फोटो हाय."

"काका, शूटिंग नाही. पुण्यानुमोदन आहे आईचं."

"ते वाचलं म्या फ्लेक्सवर. म्हणून तर नवं कुलूप आणलं. किल्ली माझ्या खिशात हाय. उद्या बघू कोण उघडतंय."

महेंद्र ऐकत होता. "मी आत्ता जातो दौंडला," तो म्हणाला. "एकेकाची गचांडी धरून सांगतो."

"तू पिक्चरमध्ये तेच करतोस," मी म्हटलं. ते खरंच होतं. तो खाली बसला.

दौंडला आईची माणसं होती. आबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही शिरूरला नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं. एकसारखी घरं, एकसारखी फाटकं, माणसं सगळी शिफ्टला जाणारी. समोरच्या घरात नक्की कोण राहतं ते आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तिची सगळी उठबस दौंडच्या विहारात, महिला मंडळात. ती गेली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय, आता ठेवू नका. म्हणून जवळच्या नातेवाइकांत अंत्यविधी शिरूरलाच उरकावा लागला. दौंडला मी कळवतो, असं आबा म्हणाले होते. त्यामुळं उद्याचा कार्यक्रम हा तिच्या माणसांनी तिला निरोप द्यायचा एकच प्रसंग होता. आणि तिची माणसं उद्या तिचा कान धरायला येणार होती.

आबा मागच्या दारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

"आबा, दौंडला कुणाकुणाला फोन केलेत?"

"अनसाला."

"आणि?"

"आन् कुणाला न्हाई."

"मावशी काय म्हणाल्या?"

"पाणी आलं का, म्हणाली." ते हे अगदी साध्या आवाजात म्हणाले.

"मग पुन्हा का नाही सांगितलं? समजावून सांगायचं. ओरडून सांगायचं."

"तिचं काय चुकलं? लिव्हलं कुणी ते?"

"आता मल्हारीकाकांशी बोला. ते विहाराला कुलूप लावून बसलेत. तुम्ही बोललात तर ऐकतील." मी मोबाईल पुढं केला. आबांनी तो घेतला नाही. हात गुडघ्यांच्या मध्ये धरून बसले.

"मला तोंड न्हाई, पोरी."

"का?"

मला तो दिवस आठवत होता. महेंद्रचा फोन आल्यावर मी सणसवाडीहून आले तेव्हा आई खुर्चीत होती आणि आबा समोरच्या स्टुलावर, ओंजळीत तोंड धरून. डॉक्टर निघायच्या बेतात होते. खुर्चीच्या पायाशी एक मोरपंखी साडी पडली होती. आईला नेसवायला कुणीतरी काढली असेल आणि गडबडीत पडली असेल असं मला वाटलं. मी ती उचलली, झटकली, घडी नीट केली आणि कपाटात ठेवली. पुढं नेसवायला पांढरी काढली.

"डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झाला होता," मी म्हटलं. हे इतके दिवस मी विचारलं नव्हतं. "तुम्ही घरातच होतात ना?"

"व्हतो."

"दुसऱ्या खोलीत होतात का?"

"समोरच बसलो व्हतो," आबा म्हणाले आणि उठून आत गेले.

सकाळी जीप निघाली. पुढं आबा आणि शिरूरचे बौद्धाचार्य, मागं मी, महेंद्र, नवनाथ. नवनाथ आता शूटिंग करत नाही, त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यानं फोटोचं कळल्यापासून काही खाल्लं नव्हतं, असं त्याची बायको फोनवर सांगत होती. त्याच्या मांडीवर फ्रेम होती, कागदात गुंडाळलेली. आत तोच फोटो. आम्ही सगळी कपाटं उलटीपालटी केली तरी आईचा एकटीचा दुसरा धड फोटो मिळाला नव्हता. लग्नाकार्यांत ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मागं उभी.

"ताई, मला वाटलं, काकू त्यात लई छान दिसतात," नवनाथ म्हणाला. "बाकी काही डोक्यातच आलं नाही."

"दिसतेच छान," मी म्हटलं.

न्हावऱ्याच्या चौकात फ्लेक्स होता. महेंद्रनं जीप थांबवायला लावली, खांबावर चढून दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स गुंडाळून टपावर टाकला. चौफुल्याला पुन्हा एक. तिथं खाली पानटपरीवर दोघं जण उभे होते. त्यांतला एक आबांना ओळखून खिडकीशी आला. "गार्डसाहेब, एक नंबर! फाडू नका की, राहू द्या. लोक लई खूश हायेत." आबांनी मान हलवली. त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, तो हसत परत गेला.

विहारासमोर गर्दी होती. माझ्या आयुष्यात आईसाठी इतकी माणसं जमलेली मी पाहिली नव्हती. आणि सगळी नटूनथटून आलेली. बायका जरीच्या साड्यांत, केसांत गजरे, पुरुषांचे कडक इस्त्रीचे शर्ट. कुणीतरी व्हिडिओ कॅमेरासुद्धा आणला होता. आमची जीप थांबली आणि टाळ्या पडल्या.

आम्ही सगळे पांढऱ्यात उतरलो.

"काय ड्रेस केलाय!" कुणीतरी म्हणालं.

"जाईबाई कुठाय? सीटखाली झोपवलीय का काय?"

एक बाई खरंच वाकून जीपमध्ये बघू लागल्या. बौद्धाचार्य हातात मेणबत्त्या आणि फुलांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांना कुणी ओळखत नव्हतं. "हे नवीन दिसत्यात पार्टीत," कुणीतरी म्हणालं. ते माझ्याकडं बघायला लागले.

विहाराच्या पायरीवर मल्हारीकाका उभे होते. मागं दाराला नवं पितळी कुलूप. त्यांच्या शेजारी अनसामावशी, हिरव्यागार साडीत, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"गार्ड," मल्हारीकाका म्हणाले, "आपण एका ताटात जेवलोय. म्हणून नीट सांगतो. गाडी वळवा. हितं असली नाटकं चालायची न्हाईत."

"काका, आधी ऐकून तर घ्या," महेंद्र पुढं झाला.

"तू गप रं. लेकरासारखा हायेस म्हणून."

आबा दोन पावलं पुढं गेले. त्यांच्या अंगात पांढरा सदरा होता आणि तो आईशिवाय धुतलेला पहिला सदरा होता, कॉलर दुमडलेली. पिक्चरमध्येही त्यांची कॉलर अशीच दुमडलेली आहे. लोकांनी ते पाहिलं. गर्दीत एकमेकांना कोपरं मारल्याचं मला दिसलं.

"मल्हारी," आबा म्हणाले. "आमची जाई वारली."

आणि गर्दी एका सुरात म्हणाली, "असं का? बरं, पाणी आलं का?"

मग जो हशा पिकला तो विहाराच्या भिंतींवर आदळून परत आला. मल्हारीकाकाही हसले. रागावलेला माणूस हसू आवरता न आल्यावर जसा हसतो तसे. महेंद्र कुणाच्या तरी अंगावर धावला. मी आणि नवनाथनं त्याला मागून धरलं. नवनाथच्या हातातली फ्रेम माझ्या हातात आली. लोकांना वाटलं, सुरू झालं. कॅमेरावाला पुढं सरकला.

आबा हलले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले, जसे नाटकात थांबतात. मला वाटलं, आता ते परत जीपमध्ये जाऊन बसतील. ते तसं करतील अशी मला भीती होती, आणि खरं सांगायचं तर थोडी इच्छाही होती.

"अनसा," ते म्हणाले.

"काय? कुठं लपवलीय तिला? भायेर काढ. तिच्यासाठी लोणचं आणलंय म्या."

"माझ्याकडं बघ जरा."

"बघतीय की. एकदा बघितलं न्हाई नीट, म्हणून फसले. आता दोन्ही डोळं उघडून बघतीय."

"सकाळी चहा मागितला तिला," आबा म्हणाले. ते मोठ्यानं बोलत नव्हते. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढचे गप्प झाले. "खुर्चीत बसली व्हती. बोलली न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणलं, करतीय नाटक. ती करायची घरात, माझ्यावर चिडली की. बसून ऱ्हायची तशीच. मंग म्या हसायचो, मंग ती हसायची. म्हणलं, आज लई चिडलीय. भाजी आणायला सांगितलं व्हतं, म्या गेलो नव्हतो. म्हणून कपाटातनं साडी काढली. मोरपंखी. आम्ही दौंड सोडलं तवा तू दिल्याली."

मावशींचे हात कमरेवरून खाली आले.

"ठिवली तिच्या मांडीवर. म्हणलं, राणीसाहेब, रुसवा सोडा."

ते वाक्य गर्दीतल्या चार-पाच जणांनी आबांबरोबरच म्हटलं. सवयीनं. आबांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"आन् समोर स्टुलावर बसलो. म्हणलं, आता हसंल, मंग हसंल. लई वेळ बसलो. म्या बी हसू दाबून बसलो व्हतो, अनसा. कोण आधी हसतंय म्हणून. मंग साडी घसरली."

माझ्या शेजारी नवनाथनं मान वर केली.

"घसरली आन् खाली पडली," आबा म्हणाले. "तिनं पडू दिली."

कोण हसायचं थांबलं आणि कोण नाही, ते मला तिथून स्पष्ट दिसत होतं. शूटिंगला जे होते ते सगळे थांबले. बाकीचे अजून ओठांत हसत पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मग त्यांनी मल्हारीकाकांचा चेहरा बघितला, अनसामावशींचा बघितला, आणि हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"पिन?" मावशी म्हणाल्या. "पिन न्हवती लावली?"

"न्हाई."

"नुसती ठिवली व्हती?"

"नुसतीच."

मावशी पायरीवर बसल्या. एका बाईनं त्यांना धरलं. त्या रडल्या नाहीत. पायरीच्या फरशीवर हात फिरवत राहिल्या, तिथं काही पडलंय का बघत असल्यासारख्या.

"फोन केला तवा," त्या म्हणाल्या. "तवा म्या तुला..."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "म्या बी हसतच व्हतो की."

मल्हारीकाकांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप नवं होतं. किल्ली लवकर फिरेना. नवनाथ जाऊन त्यांना मदत करायला लागला. गर्दीतल्या बायका केसांतले गजरे काढत होत्या. काढलेले गजरे कुठं टाकावेत ते न कळून त्यांनी मुठीत धरले.

"करू," अनसामावशींनी मला हाक मारली. मी फ्रेम घेऊन त्यांच्याजवळ गेले. "साडी... उचलली का कुणी? का तशीच हाय भुईला?"

आबांनी माझ्याकडं वळून बघितलं. त्यांना ते माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस ती साडी त्यांच्या डोळ्यांपुढं तिथंच पडलेली होती.

"मी उचलली, मावशी," मी म्हणाले. "झटकून, घडी घालून ठेवलीय कपाटात."

आबांनी मान हलवली. एकदा माझ्यासाठी, आणि मग पुन्हा एकदा, स्वतःशीच.

कुलूप निघालं. लोक चपला काढू लागले.